अनुमतीच्या वाक्यातील कर्ता : युनिक्सच्या फाइल-संरक्षणपद्धतीची चिकित्सा

डेनिस रिची व केन टॉम्प्सन यांचा युनिक्स या कार्यप्रणालीवरील प्रसिद्ध निबंध दोन पाठांत उपलब्ध आहे. पहिला पाठ जुलै १९७४ मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात आला; दुसरा, सुधारलेला, १९७८ मध्ये ‘बेल सिस्टिम टेक्निकल जर्नल’च्या युनिक्सला वाहिलेल्या अंकात. दोन्ही पाठ शेजारी ठेवून वाचले असता पुष्कळ परिच्छेद जवळजवळ जसेच्या तसे आढळतात. परंतु फाइलींच्या संरक्षणासंबंधीच्या परिच्छेदात एक आकडा बदललेला दिसतो. पहिल्या पाठात प्रत्येक फाइलीला संरक्षणाचे सात बिट आहेत, दुसऱ्यात दहा. त्याही मागे, १९७१ च्या पहिल्या हस्तपुस्तिकेत, ते सहाच होते. आणि आजच्या युनिक्सवंशीय प्रणालींत ते बारा आहेत. पाठचिकित्सेची सवय असलेल्या वाचकास ही वाढ लक्षणीय वाटेल. जी चिन्हभाषा आपल्या मितभाषीपणाबद्दल वाखाणली गेली, तिलाच वेळोवेळी नवे अक्षर पदरी घ्यावे लागले. आणि इतके करूनही जे सांगावयाचे होते त्यातील एक महत्त्वाचा अंश तिला सांगता आला नाही. हा राहून गेलेला अंश कोणता, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, ही संगणकातील कारभारी होय. कोणत्या प्रोग्रामास यंत्राचे कोणते साधन कधी द्यावयाचे हे ती ठरविते. एकाच यंत्रावर अनेकांनी काम करावयाचे म्हटले म्हणजे कोणी कोणाची फाइल पाहावी किंवा बदलावी, हाही निर्णय तिच्याकडे येतो. युनिक्समध्ये हा निर्णय नऊ अक्षरांत लिहिलेला असतो. वाचनाचा ‘आर’, लेखनाचा ‘डब्ल्यू’ आणि चालनाचा, म्हणजे प्रोग्राम म्हणून फाइल चालविण्याचा, ‘एक्स’. ही तीन अक्षरे तीन वेळा येतात: एकदा फाइलीच्या मालकासाठी, एकदा त्या फाइलीशी जोडलेल्या गटासाठी, आणि एकदा उरलेल्या सर्वांसाठी. मालक, गट, इतर. वैयाकरणाला येथे प्रथम, द्वितीय व तृतीय पुरुषांची आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे.

या नऊ अक्षरांच्या वाचनाचा नियमही व्याकरणाच्या विद्यार्थ्याला परका वाटणार नाही. विचारणारा मालक असेल, तर केवळ मालकाची तीन अक्षरे पाहावयाची. पुढची पाहावयाचीच नाहीत. मालक नसून गटाचा सभासद असेल, तर केवळ गटाची. विशेषाने सामान्याचा बाध व्हावा, अपवादाने उत्सर्ग दूर सारावा, तसाच हा प्रकार. त्यामुळे असे घडू शकते की एखादी फाइल साऱ्या जगाला वाचता यावी आणि तिच्या मालकालाच येऊ नये. अर्थात मालक अक्षरे बदलून आपली सुटका करून घेऊ शकतो; पण नियमाची तर्कशुद्धता येथवर निष्ठुर आहे खरी.

या पद्धतीत दोष आहेत हे कोणी नाकारलेले नाही. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीच्या (१९७९) हस्तपुस्तिकेबरोबर प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या टिपणात खुद्द रिची यांनीच, सुरक्षितता हा हेतू समोर ठेवून ही प्रणाली रचलेली नव्हती, असे मोकळेपणाने मान्य केले आहे. परंतु नंतरच्या पाठ्यपुस्तकी परंपरेत दोषाचा रोख हळूहळू वापरकर्त्याकडे वळला. तो अक्षरे नीट लावीत नाही, ‘७७७’ लिहून सर्वांना सर्व मोकळे करून देतो, तो निष्काळजी आहे, असे सांगितले जाऊ लागले. हे निदान अपुरे आहे. ज्या वाक्यरचनेत एक आवश्यक कारक मांडण्यास जागाच नाही, तीत बोलणारा माणूस चुकतो तेव्हा त्या चुकीचा मोठा वाटा रचनेकडे जातो.

प्रथम एक लहान दोष. या भाषेत एकाच अक्षराचे दोन अर्थ आहेत. साध्या फाइलीवरील ‘एक्स’ म्हणजे चालविण्याची मुभा. डिरेक्टरीवरील ‘एक्स’ म्हणजे तिच्यातून वाट काढून आतील फाइलीपर्यंत पोहोचण्याची मुभा. डिरेक्टरीवर ‘आर’ आहे पण ‘एक्स’ नाही, तर आतील नावे वाचता येतात, वस्तू हाती लागत नाही. उलट स्थितीत नाव आधीच ठाऊक असेल तर वस्तू मिळते, पण यादी मिळत नाही. ‘डब्ल्यू’चा घोटाळा याहून गंभीर. ज्या फाइलीत एक अक्षर बदलण्याची ज्याला मुभा नाही, तीच फाइल तो समूळ काढून टाकू शकतो आणि तिच्या नावाने दुसरी ठेवू शकतो, जर डिरेक्टरीवर लिहिण्याची मुभा त्याला असेल. नवख्या विद्यार्थ्याला हा अन्याय वाटतो. परंतु मूळ निबंधाच्या तत्त्वज्ञानाशी तो सुसंगत आहे. फाइल डिरेक्टरीत राहत नाही, डिरेक्टरीत केवळ तिचे नाव व तिच्याकडे बोट दाखविणारी खूण राहते, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. नाव पुसणे हे डिरेक्टरीवरील लेखन, फाइलीवरील नव्हे.

यातून जी अडचण उभी राहिली तिची डागडुजी भाषेच्या इतिहासात नेहमी होते तशीच झाली: जुन्या शब्दाला नवा अर्थ देऊन. सर्वांनी तात्पुरत्या फाइली ठेवाव्यात म्हणून एक सामाईक डिरेक्टरी असते. तीत सर्वांना लिहिता आले पाहिजे. म्हणजेच सर्वांना सर्वांच्या फाइली पुसताही येणार. बर्कलीच्या ४.३ आवृत्तीत (१९८६) ‘चिकट बिट’ नावाच्या एका चिन्हाकडे हे काम आले. त्याचा मूळ अर्थ, प्रोग्राम संपल्यावरही त्याची प्रत सहायक स्मृतीत राखून ठेवावी, असा होता. डिरेक्टरीवर त्याचा अर्थ झाला: येथील फाइल तिच्या मालकानेच (अथवा डिरेक्टरीच्या मालकाने) पुसावी. नाव तेच राहिले, चिकटण्याचा संबंध उरला नाही. असल्या अर्थांतराने भाषा मरत नाहीत, आणि युनिक्सही मेले नाही. अनेकार्थता हा गैरसोयीचा दोष आहे, प्राणघातक नव्हे.

प्राणघातक दोष निराळा आहे. ‘अमुक व्यक्तीने ही फाइल वाचावी’ असे अनुमतीचे वाक्य म्हणते. परंतु संगणकात व्यक्ती काहीच वाचीत नाही. वाचतो तो प्रोग्राम. व्यक्ती त्याच्याकडून वाचविते. म्हणजे प्रत्यक्षातील प्रत्येक क्रिया प्रयोजक आहे, आणि अनुमतीचे वाक्य मात्र तिला साधी क्रिया समजून लिहिलेले आहे.

मराठी व्याकरणात येथे एक उपयुक्त साम्य सापडते. ‘आजी नातवाला चालवते’ आणि ‘आजीला आता दोन मैल चालवत नाही’ या दोन वाक्यांत ‘चालव’ हा साधित धातू एकच दिसतो. पण पहिले क्रियापद प्रयोजक आहे, दुसरे शक्य. करविणे आणि करता येणे या दोन भिन्न कल्पनांना मराठीने एकच रूप दिले आहे. तरी मराठी बोलणाऱ्याचा घोटाळा होत नाही, कारण विभक्ती मदतीला येते. प्रयोजक वाक्यात करविणारी आजी प्रथमेत उभी असते व चालणारा नातू ‘ला’ घेऊन वेगळा दाखविला जातो; शक्य वाक्यात खुद्द चालणाऱ्या आजीलाच ‘ला’ लागतो. युनिक्सच्या अनुमतीतही ‘करता येणे’ आणि ‘करविणे’ यांचे रूप एकच आहे, परंतु तेथे विभक्ती नाही. करविणारा कोण आणि करणारा कोण, हे वाक्यावरून कळण्याचा उपाय नाही.

ही उणीव रिची यांच्या ध्यानात आली नव्हती असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. १९७४ च्या पाठातील सातवा आणि १९७८ च्या पाठातील दहावा बिट नेमका हिच्यासाठीच आहे. हा बिट लावलेला प्रोग्राम कोणीही चालविला तरी, चालू असेपर्यंत, तो चालविणाऱ्याच्या नव्हे तर प्रोग्राम-फाइलीच्या मालकाच्या अधिकाराने वागतो. आपला परवलीचा शब्द प्रत्येकाला बदलता यावा, परंतु सर्वांचे शब्द ज्या फाइलीत नोंदले आहेत ती कोणालाही थेट लिहिता येऊ नये, हा पेच त्याने सुटतो. निबंधात तर एका खेळाच्या गुणांची नोंदवहीही या युक्तीने सुरक्षित ठेवता येते असे सुचविले आहे. कल्पना इतकी मौलिक मानली गेली की तिच्यासाठी १९७३ मध्ये पेटंटचा अर्ज करण्यात आला व १९७९ मध्ये ते रिची यांच्या नावे मिळाले.

तथापि या युक्तीने उणीव भरून निघाली नाही. ती उलटी झाली. पूर्वी वाक्यात फक्त करविणारा होता, आता फक्त करणारा उरला. वस्तुतः प्रणाली दोघांचीही नोंद ठेवते: ‘खरा’ वापरकर्ता, म्हणजे ज्याने प्रोग्राम सुरू केला तो, आणि ‘प्रभावी’ वापरकर्ता, म्हणजे ज्याचा अधिकार त्या घटकेला चालतो तो. पण फाइल उघडतेवेळी प्रश्न विचारला जातो तो प्रभावी वापरकर्त्यापुरता. दोन्ही शब्द कोशात आहेत; दोघांना एका वाक्यात आणणारी रचना नाही.

याचे परिणाम काय होतात हे नॉर्म हार्डी यांनी १९८८ मध्ये एका अगदी छोट्या लेखात दाखविले आहे, आणि या विषयावरील शेकडो पानांपेक्षा तो लेख अधिक वाचनीय आहे. प्रणाली युनिक्स नव्हती, पण तिची संरक्षणरचना त्याच जातीची होती. एका कंपनीच्या सामाईक यंत्रावर फोर्ट्रान भाषेचा अनुवादक-प्रोग्राम होता. आपल्या वापराची आकडेवारी टिपून ठेवण्यासाठी त्याला स्वतःच्या डिरेक्टरीतील फाइलींवर लिहिण्याचा खास अधिकार दिलेला होता. त्याच डिरेक्टरीत ग्राहकांच्या बिलांची फाइलही होती. चुका शोधण्यासाठी लागणारी माहिती अमुक नावाच्या फाइलीत लिहावी, असे वापरकर्त्याला अनुवादकास सांगता येई. एका वापरकर्त्याने नाव सांगितले ते बिलांच्या फाइलीचे. अनुवादकाने ते नाव कार्यप्रणालीपुढे ठेवले. तिने पाहिले की मागणाऱ्यास येथे लिहिण्याचा अधिकार आहे. बिले नाहीशी झाली. या कथेत कोणताही नियम मोडलेला नाही. अनुवादक आकडेवारी लिहितो तेव्हा तो स्वतःसाठी लिहितो, आणि चुकांची माहिती लिहितो तेव्हा दुसऱ्याच्या सांगण्यावरून. हा फरक सांगण्यासाठी त्याच्याजवळ शब्द नव्हता. हार्डी यांनी त्याला ‘गोंधळलेला मुखत्यार’ म्हटले. खरे पाहता मुखत्यार गोंधळलेला नव्हता. त्याला दिलेले मुखत्यारपत्रच संदिग्ध होते.

युनिक्समध्ये यावर एक उपाय योजलेला आहे. ‘ॲक्सेस’ नावाच्या आवाहनाने प्रोग्रामला विचारता येते, की मला जो चालवीत आहे त्या खऱ्या वापरकर्त्यास ही फाइल हाताळता आली असती काय? होय असे उत्तर आले म्हणजे मग ‘ओपन’ या दुसऱ्या आवाहनाने फाइल उघडावयाची. हरवलेले प्रयोजक वाक्य येथे दोन साध्या वाक्यांत फोडून सांगितले आहे, आणि दोन वाक्यांच्या मध्ये अंतर पडते. शिवाय दोन्ही वाक्ये फाइलीचे नाव घेतात, वस्तू हाती धरीत नाहीत. पहिले वाक्य संपून दुसरे सुरू होण्याच्या आत ते नाव दुसऱ्याच वस्तूकडे वळविले, तर चौकशी एका फाइलीची होते आणि उघडली जाते दुसरी. बर्कलीच्या ४.२ आवृत्तीत (१९८३) आलेल्या प्रतीकात्मक दुव्यांनी, म्हणजे दुसऱ्या नावाकडे बोट दाखविणाऱ्या नावांनी, ही हातचलाखी फार सुलभ केली. मॅट बिशप व मायकेल डिल्गर यांनी १९९६ मध्ये या प्रकाराचे पद्धतशीर विवेचन केले. पुढे ड्र्यू डीन व ॲलन हू यांनी २००४ मध्ये असे सिद्ध केले की आवाहनांची रचना न बदलता, सर्व प्रणालींवर चालेल असा निश्चित उपाय या दोन वाक्यांतून काढताच येत नाही. त्यांनी स्वतः सुचविलेला संभाव्यतेवर आधारलेला उपाय, म्हणजे तीच चौकशी पुनःपुन्हा करणे, निकिता बोरिसोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढच्याच वर्षी मोडून दाखविला. अधिक सरळ मार्ग असा की प्रोग्रामने उसना अधिकार क्षणभर खाली ठेवावा, खऱ्या वापरकर्त्याच्या पदावरून फाइल उघडावी, व अधिकार पुन्हा उचलावा. परंतु अधिकार खाली ठेवण्याच्या क्रियापदांचे अर्थही लिनक्स, सोलारिस व फ्रीबीएसडी या बोलींत एकसारखे नाहीत, हे हाओ चेन, डेव्हिड वॅग्नर व डीन यांनी २००२ मध्येच नोंदविले होते.

येथवरची चर्चा विशेष अधिकाराच्या प्रोग्रामांची झाली. सामान्य प्रोग्रामांची कथा याहून साधी आणि म्हणूनच अधिक चिंताजनक आहे. तेथे खरा व प्रभावी वापरकर्ता एकच असतो; त्यामुळे प्रणालीच्या दृष्टीने कोणताच प्रश्न उरत नाही. विद्यार्थ्याने करमणुकीसाठी आणलेला खेळ त्याच्या नावाने चालतो. म्हणून तो खेळ त्याचा प्रबंध वाचू शकतो, बदलू शकतो, पुसू शकतो. ट्रॉयच्या घोड्याची ही उपमा १९७० च्या दशकाच्या प्रारंभापासून सुरक्षाविषयक लेखनात रूढ आहे. जेरोम सॉल्ट्झर व मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये प्रत्येक प्रोग्रामास कामापुरताच अधिकार असावा असे तत्त्वही घालून दिले. पण हे तत्त्व नऊ अक्षरांत लिहून दाखवा म्हटले तर लिहिता येत नाही. प्रोग्रामचा निर्देश करणारे नामच तेथे नाही.

‘७७७’ लिहिणाऱ्या निष्काळजी वापरकर्त्याकडे आता पुन्हा पाहावे. समजा, एखाद्या विभागातील विद्यार्थ्याला आपल्या बोलीभाषा-नमुन्यांची यादी विभागाच्या वेब-सर्व्हरमार्फत दाखवावयाची आहे. सर्व्हर स्वतःच्या निराळ्या नावाने चालतो. विद्यार्थ्याच्या फाइलीपुरता तो ‘इतर’ या वर्गात मोडतो. ‘या एका प्रोग्रामने वाचावे’ असे सांगण्याची सोय मूळ भाषेत नाही. गट निर्माण करणे व्यवस्थापकाच्या हाती. तेव्हा विद्यार्थी ‘इतर सर्वांनी वाचावे’ असे लिहितो, कारण त्याच्या हाती असलेल्या शब्दांत त्याच्या हेतूच्या सर्वांत जवळचा तोच शब्द आहे. अधिक तपशीलवार अनुमति-याद्या पुढे आल्या, आणि त्यांनी ही अडचण काही अंशी हलकी केली. परंतु लिनक्समध्ये अशी यादी जोडली की नेहमीच्या नऊ अक्षरांतील गटाची तीन अक्षरे गटाची अनुमती न दाखविता यादीची कमाल मर्यादा दाखवू लागतात. एका अनेकार्थतेत दुसरीची भर पडली, आणि यादीतही नामे आहेत ती व्यक्तींची व गटांचीच.

उपाय मुळात नव्हता असे नाही. जॅक डेनिस व अर्ल व्हॅन हॉर्न यांनी १९६६ मध्येच, म्हणजे युनिक्सच्या जन्मापूर्वी, अशी कल्पना मांडली होती की वस्तूचा निर्देश आणि तिच्यावरील अधिकार ही एकाच अविभाज्य चिन्हात असावीत. ज्याच्या हाती ते चिन्ह त्याला तेवढा अधिकार. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकात अर्थविचाराचा उल्लेख आहे हे सहज लक्षात घेण्यासारखे आहे. विशेष म्हणजे या कल्पनेचे एक रूप रिची-टॉम्प्सन यांच्या निबंधातही वावरते, फक्त संरक्षणाच्या परिच्छेदात नव्हे. आज्ञा वाचणाऱ्या ‘शेल’संबंधीच्या भागात असे सांगितले आहे की आज्ञेपुढे खूण करून फाइलीचे नाव दिले असता प्रोग्रामचे लेखन त्या फाइलीत वळते, आणि त्यासाठी त्या प्रोग्रामला स्वतः काही करावे लागत नाही. याचा अर्थ असा की फाइल शेल उघडतो, वापरकर्त्याच्याच अधिकाराने. प्रोग्रामच्या हाती केवळ उघडलेली फाइल येते, नाव येत नाही. हार्डी यांच्या अनुवादकाला चुकांची फाइल अशा रीतीने मिळाली असती तर बिलांची फाइल शेलनेच नाकारली असती. करविणाऱ्याने आपला अधिकार वस्तूसह करणाऱ्याच्या हाती ठेवावा, हे सुघटित प्रयोजक वाक्य आहे. ते निबंधाच्या एका भागात असून दुसऱ्या भागाला त्याची वार्ता नाही, ही या सुंदर निबंधाची सर्वांत मोठी त्रुटी म्हणावी लागेल. अर्थात या मार्गालाही किंमत आहे. एकदा उघडून दिलेली फाइल, मागाहून तिची अक्षरे बदलली तरी, ज्याच्या हाती आहे त्याच्या हातून सुटत नाही.

अलीकडे भाषेत खऱ्या अर्थाने नवे कारक आणण्याचे प्रयत्न झाले आहेत. केंब्रिज येथील रॉबर्ट वॉटसन आदींनी २०१० मध्ये मांडलेल्या ‘कॅप्सिकम’ने डेनिस-व्हॅन हॉर्न यांची कल्पना फ्रीबीएसडीत आणली, ओपनबीएसडीतील ‘अनव्हेल’ (२०१८) आणि लिनक्समधील ‘लँडलॉक’ (२०२१) यांमुळे प्रोग्रामला स्वतःच्या हालचालींची कक्षा आधीच आखून घेता येते. अँड्रॉइडने २००८ पासून निराळीच तोड काढली. तेथे प्रत्येक प्रोग्रामला वेगळा वापरकर्ता-क्रमांक देऊन त्यालाच व्यक्ती बनविले आहे. व्याकरण न बदलता, जुन्या पुरुषवाचक जागी नवे नाम बसविण्याची ही युक्ती हुशारीची खरी. परंतु प्रयोगशाळेतील, ग्रंथालयातील वा विभागातील सामाईक लिनक्स-यंत्रावर ती आपोआप लागू होत नाही. तेथे आजही बहुतांशी १९७८ चे वाक्यच चालते.

आणि तेथेच दोषारोपाचा प्रश्न येतो. अशा यंत्रावरील सामाईक संग्रहातून एखादी फाइल नाहीशी झाली, तर व्यवस्थापक प्रथम वापरकर्त्याचे नाव पाहतो व त्यास जाब विचारतो. त्याने चालविलेल्या प्रोग्रामने ती पुसली असेल, तरी अनुमतीच्या भाषेत तो फरक मांडता येत नाही. वस्तुतः लिनक्समध्ये लेखापरीक्षणाची सोय चालू केलेली असेल, तर तिच्या नोंदीत मुळात प्रवेश करणारा कोण, खरा वापरकर्ता कोण, प्रभावी वापरकर्ता कोण आणि कोणता प्रोग्राम चालू होता, ही चारही माहिती एका ओळीत मिळते. प्रोग्रामचे नाव तेथे स्वतंत्र रकान्यात असते. मूळ अनुमतीच्या बारा बिटांत त्याला रकाना नाही.